पहिला हॅरी पॉटर : 5, 7 आणि 10 वर्षांच्या पोरांना एकत्र दाखवायचा का?

गिरणाकाठ (जळगाव)
सुट्टीत तीन पोरं घरी येताहेत, वयं 5, 7 आणि 10. मोठीने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीतून वाचून संपवलंय, आता सिनेमाचा हट्ट आहे. जळगावचा मे महिना, दुपारी दारं-खिडक्या बंद. म्हणजे टीव्ही लागला की धाकटे दोघेही समोरच बसणार. हिंदी डब लावू. तिला पुस्तक पचलं, मग सिनेमाला काय हरकत? आणि वयाचं लेबल कितपत धरायचं?

खापरावरचे_मांडे
पुस्तक पचलं म्हणून सिनेमा पचेलच असं नाही. याच गोष्टीचा शेवट घ्या. पुस्तकात हॅरी बेशुद्ध पडतो आणि क्विरल या शिक्षकाचं पुढे काय झालं ते नंतर बोलण्यातून कळतं. सिनेमात त्याचा चेहरा आणि हात आपल्या डोळ्यांसमोर राख होऊन गळतात. त्याआधी फेटा सुटतो आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा चेहरा दिसतो, तोही बोलणारा. पाच वर्षांच्या पोराला कथानकातला धोका फारसा कळत नाही, पण विद्रूप चेहरा आणि आकार बदलणारा माणूस त्याच्या डोक्यातून जात नाही. दहाच्या मुलीचं उलट असतं. तिला चेहऱ्यापेक्षा ‘असं खरंच होऊ शकतं का’ याची भीती जास्त.

म्हणून आधी तुम्ही एकट्याने शेवटचा अर्धा तास बघा. ट्रेलरवर जाऊ नका. तो अर्धा तास दोनदा बघा, एकदा आवाजासकट आणि एकदा आवाज बंद करून. आवाज बंद केल्यावरही प्रसंग अंगावर येत असेल तर धाकट्याला तो दाखवायचा नाही. आवाजामुळेच दचकायला होत असेल तर टीव्हीचा बास (खालचा घुमणारा आवाज) कमी करून निभतं.

सिनेमा 152 मिनिटांचा आहे, तो दोन बैठकांत तोडा. पहिली बैठक नाताळ आणि आरशाच्या प्रसंगापर्यंत. तिथवर तीनच जागा जपायच्या: तीन डोक्यांचा कुत्रा पहिल्यांदा दिसतो ती, मुलींच्या स्वच्छतागृहातला ट्रोल (अवाढव्य राक्षस), आणि रात्री ग्रंथालयात पुस्तक उघडताच किंचाळतं ती. शेवटची सरळ पुढे ढकला, गोष्टीचं काही अडत नाही. आरशानंतर जंगलातला युनिकॉर्नच्या (एकशिंगी घोड्याच्या) रक्ताचा प्रसंग, बुद्धिबळ आणि तो चेहरा. ही दुसरी बैठक मोठीसाठी. सातवाल्याला तुमच्या शेजारी बसवून, तोही मागत असेल तरच. ऊन उतरल्यावर धाकटा खाली खेळायला गेला की लावा.

वांगेभरीत
एवढं कशाला? आपण आजीच्या मांडीवर डाकिणीच्या अन् भुताच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो ना.

खापरावरचे_मांडे
ऐकून. सांगितलेल्या गोष्टीतली डाकीण पोर आपल्या बेताची करून घेतं, आणि ते आक्रसलं की आजीही आवाज बदलते. पडदा कुणासाठी थांबत नाही.

तापीकाठ
लेबलाबद्दल. आपल्याकडे सेन्सॉर बोर्डाने 2024पासून ‘यूए’चे तीन भाग केलेत: 7+, 13+, 16+. जुन्या सिनेमांच्या प्रमाणपत्रावर ही फोड नसते. ॲपवर मालिका-सिनेमाला दिसणारं वयाचं लेबल बहुतेकदा त्या ॲपवाल्यांनीच लावलेलं असतं, ते 2021च्या नियमांनुसार. शिवाय ‘यूए’ म्हणजे बंदी नव्हे, पालकांनी ठरवावं एवढाच त्याचा अर्थ.

नुसतं अक्षर फसवतं ते असं: अमेरिकेत या मालिकेचे पहिले तीन भाग पीजी (लहानांना पालकांच्या सल्ल्याने), 2005चा चौथा पीजी-13 (तेराच्या आतल्यांसाठी जास्त सावधगिरी). इथवर चढण बरोबर आहे, चौथ्यात स्मशानात एका मुलाचा खून होतो. पण 2009चा सहावा पुन्हा पीजी! त्यात गुहेतल्या तळ्यातून प्रेतं वर येऊन हॅरीला पाण्यात ओढतात. तेव्हा अक्षराशेजारची ओळ वाचा: हिंसा, भीती, भाषा, काय लिहिलंय ते. ब्रिटनचं बोर्ड आपल्या संकेतस्थळावर कारणं तपशिलात देतं, ती दोन मिनिटांत वाचून होतात.

आणि पहिला भाग पचला म्हणून लगेच दुसरा लावू नका. त्यात कोळी-किड्यांची झुंड आणि राक्षसी साप आहे, लांबी 161 मिनिटं.

गिरणाकाठ (जळगाव)
धाकट्याने मध्येच येऊन काही पाहिलं आणि घाबरला तर? ‘अरे, ते खोटं असतं’ म्हणून भागतं का?

तापीकाठ
पाचव्या वर्षी नाही भागत. खरं-खोटं कळलं तरी पोटातली भीती तशीच राहते. कॅमेऱ्यामागची करामत दाखवणंही आठ-नऊच्या पुढेच उपयोगी. लहानग्याला जवळ घ्या, हातात काहीतरी धरायला द्या, पाणी पाजा. अहिराणी घरात ‘मी शे ना आठे’ (मी आहे ना इथे) एवढं पुरतं. सिनेमा तिथेच बंद करून टाकू नका, नाहीतर त्याच्या डोक्यात तेच शेवटचं चित्र राहतं. पुढे ढकलून शेवटच्या मेजवानीचा उजेडाचा प्रसंग दोन मिनिटं दाखवा, मग बंद करा.

आधी सूचना द्यायची तर नेमकी द्या. ‘आता भीती वाटेल हं’ म्हटलं की पोर आधीच डोळे मिटतं. त्याऐवजी ‘आता तीन डोक्यांचा कुत्रा येईल, गाणं वाजलं की तो झोपतो.’ पुढच्या प्रसंगात हार्प (तारांचं वाद्य) वाजते आणि कुत्रा घोरत असतो, तेव्हा तेच पोर तुम्हाला सांगायला लागतं.

खापरावरचे_मांडे
अजून एक. संध्याकाळी सात-साडेसातच्या आत सगळं आटपा. जेवण, गप्पा, अंथरूण यांत दोन तास तरी जायला हवेत. आणि साउंडबार जोडलेला असेल तर त्या दिवशी काढून ठेवा, टीव्हीचा आवाज पुरे.