मदत हवी आहे: आण्णांना स्पिटफायरमध्ये बसवायचंय

नमस्कार मंडळी, राजारामपुरीतनं लिहितोय. आमचे आण्णा एअर फोर्समधनं फिटर म्हणून रिटायर झालेत, ताई असते इंग्लंडला, जूनमध्ये तिच्याकडं जाणार आहेत तर तिथं दोन सीटच्या स्पिटफायरमधनं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) त्यांना एक फेरी मारून आणायची असं आम्ही भावंडांनी ठरवलंय. गुडवूड, बिगिन हिल, डक्सफर्ड, तिथल्या या तिन्ही विमानतळांवरनं ही विमानं उडतात. अर्ध्या तासाला काही हजार पौंडांच्या घरात, म्हणजे इथं चांगली सेकंडहँड गाडी येईल, पण ते जाऊ दे.

अडचण वेगळीच आहे. पंखावर चढून मागच्या कॉकपिटमध्ये पाय टाकायचा, त्यात पाठीला पॅराशूट, आणि आण्णांचा उजवा गुडघा बदललेला, बीपीची गोळी चालू. सत्तरीच्या पुढच्या माणसाला कुणी बसवलंय काय? वजन-उंचीची अट कितपत कडक असते? धोका मान्य असल्याची सही आधी घेतात, मग साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स चालतो का वेगळा काढायचा? आणि हवा बिघडून रद्द झालं तर पुढची तारीख लगेच मिळते का, रिटर्न तिकीट फिक्स आहे ओ.

आण्णांना अजून पत्ता लागू दिलेला नाही, नाहीतर आत्तापासनंच स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनावर लेक्चर सुरू होईल.