५४० कॅलरी, बी-विंग

रोहन (बी-४०२): सुप्रभात मंडळी! तळजाईला ५ किमी, साडेसदतीस मिनिटांत. घड्याळ म्हणतंय ५४० कॅलरी 💪

नेनेकाकू (ए-१०२): शाब्बास रे! आता पुरणपोळीला नाही म्हणायचं नाही. डबा काढून ठेवते.

शिंदे (बी-३०१): बी-विंगची लिफ्ट परत बंद आहे का?

लेले सर (ए-१०१): रोहन, वजन किती तुझं?

रोहन: ७२. का हो सर?

लेले सर: मग ५४० पटत नाही. चहा घेतो आणि लिहितो.

शिंदे: लिफ्टचं कोणी सांगेल का?

लेले सर: हिशेब ढोबळ आहे, पण दगा देत नाही. सपाटीवर पळताना किलो वजनामागे, किलोमीटरला साधारण १ कॅलरी. ७२ पंचे ३६०. हे येतं कुठून? १ मीटर पळायला किलोमागे सुमारे ०.२ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे किलोमीटरला २००. आणि १ लिटर ऑक्सिजन वापरला की जवळजवळ ५ कॅलरी खर्च होतात. (आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी. शाळेत यावर मी अर्धा मार्क कापायचो.) शिवाय तू सोफ्यावर लोळत पडलास तरी किलोमागे तासाला १ कॅलरी जातेच, साडेसदतीस मिनिटांच्या त्या ४५. घड्याळं बहुधा त्याही धरतात. झाल्या ४०५. आता गंमत बघ. ५४० भागिले ४०५ म्हणजे नेमके चार तृतीयांश. ७२ चे चार तृतीयांश ९६. घड्याळात वजन ९६ घातलंय का?

रोहन: पण सर, टेकडी आहे ती. चढ नको का धरायला?

लेले सर: धरायला हवाच. १०० मीटरला ५ मीटर चढ असेल तर खर्च वीस-बावीस टक्क्यांनी वाढतो, उतरताना त्यातला थोडा वाचतो. पण तू वरपर्यंत स्कूटरवर जातोस आणि पठारावर पळतोस. मी रोज बघतो.

देशपांडे (सी-२०४): 😂😂

देशपांडे: सर, जोरात पळालं तर जास्त जळतात ना?

लेले सर: मिनिटाला जास्त. पण अंतर लवकर संपतं, त्यामुळे ५ किमीचा आकडा फारसा हलत नाही. चाललात तर मात्र त्याच अंतराला जवळपास निम्माच खर्च.

देशपांडे: म्हणजे माझ्या सारसबागेच्या फेऱ्या निम्म्या भावात गेल्या.

नेनेकाकू: फेऱ्या कसल्या, बाकावरच असता तुम्ही.

रोहन: सर... घड्याळ दाजींचं जुनं आहे. आत्ता सेटिंग उघडलं. वजन ९६ 🙈

देशपांडे: लेले सरांना दंडवत 🙏🙏

डॉ. सय्यदताई (सी-३०३): वजन दुरुस्त कर, पण तरी फार विसंबू नकोस. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची ७ उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके बहुतेकांनी छान मोजले. कॅलरीत मात्र त्यातलं सर्वात बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकत होतं. एकाच वेगाने पळणाऱ्या दोघांत सरावलेल्याचे ठोके कमी पडतात. उन्हाने, कॉफीने, जागरणानेही ते वाढतात. घड्याळाला वाटतं, मेहनत वाढली.

रोहन: काल दोन वाजेपर्यंत मॅच बघत होतो ताई.

सय्यदताई: मग झालंच.

नेनेकाकू: ते राहू द्या. डबा द्यायचा की नाही?

लेले सर: काकू, पोळीवर तूप बेताने. ग्रॅमला ९ कॅलरी. ४५ ग्रॅम तूप म्हणजे याची आजची अख्खी धाव.

नेनेकाकू: तूप बेताने घालायला हे काय हॉस्पिटल आहे?

रोहन: काकू, पाठवा हो.

शिंदे: पाठवणार कशी? मी मगापासून तेच विचारतोय. लिफ्ट बंद आहे.

रोहन: मीच येतो खाली. सर, ४ मजल्यांच्या कॅलरी धरू ना?

लेले सर: डबा घेऊन वर चढशील त्या धर. डब्याचं वजनही घाल.