‘खर्च दुप्पट झाला म्हणजे पैसे खाल्लेच’ – खरंच?

ओळंबा: काल एकाने ठोकून दिलं, ‘पहिल्या आकड्याच्या दुप्पट खर्च झाला की पैसे खाल्लेच समजा.’ अहो, तो पहिला आकडा कशावरून काढला होता ते तरी बघा! एएसीई (खर्चाचे अंदाज बांधणाऱ्यांची अमेरिकन संस्था) आहे, तिच्या रिफायनरी-केमिकल प्लांटवाल्या तक्त्यात अंदाजांचे पाच वर्ग आहेत. वर्ग ५ म्हणजे प्रकल्प कागदावर ०-२ टक्केच ठरलेला. तिथे खर्च वर जायची हद्द प्रकल्प बघून ३० ते १०० टक्के. वर्ग १ ला ड्रॉइंगं जवळपास पूर्ण, तिथे ३ ते १५. म्हणजे वर्ग ५ चा आकडा दुप्पट झाला तरी तो पट्ट्यात बसू शकतो.

वैनगंगाकाठी: मग आमचं वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण कुठे बसवू? १९८३ ला ३७२ कोटी, सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) घेत घेत एका टप्प्यावर १८,४९४ कोटी झाले होते. पन्नासपटीचा वर्ग काढा आता.

ओळंबा: भाववाढ आणि व्याप्तीबदल (मूळ कामात पडलेली भर) वेगळे काढा. तक्ता ठरलेल्या व्याप्तीपुरता असतो.

वैनगंगाकाठी: सगळंच वेगळं काढलं की चोर सापडतच नाही, नाही का!

भिंगरी: धरणं राहू द्या, आमच्या घराचं ऐका. कंत्राटदाराने फुटाचा रेट दिला. खोदाई सुरू झाल्यावर ‘मुरूम लागेना, काळी माती आहे, एक्स्ट्रा पडेल’. वर बाल्कनी पूर्ण मोजली, जिन्यावरची हेडरूमसुद्धा!

डबरमास्तर: ताई, आधी ट्रायल पिट, म्हणजे खालची माती बघायला खड्डा, घेतला होता? पार्टी म्हणते, शेजारच्या विहिरीत मुरूम दिसतो, खर्च कशाला. आरसीसी ड्रॉइंगचा पत्ता नाही आणि रेट मात्र फायनल पाहिजे.

भिंगरी: ताईबिई नको. आकडा कच्चा होता तर करारात का नाही लिहिलंत? ॲडव्हान्स बरा पक्का घेता!

डबरमास्तर: कच्चा लिहिला की काम दुसरा घेऊन जातो. बांधून बघा एकदा, मग बोला.

निवृत्त_साबांवि: भांडू नका. स्थूल म्हणजे ढोबळ अंदाजपत्रकावर प्रशासकीय मान्यता, सविस्तरवर तांत्रिक मान्यता, ही उतरंड आपल्याकडे आहेच. दुखणं वेगळं आहे: खरा आकडा लिहिला की फाइल परत येते, म्हणून कमी लिहितात. सिडनीचं ऑपेरा हाउस बघा. छताची भूमिती सुटली नव्हती तरी १९५९ ला काम सुरू केलं. ७० लाख डॉलरचे १० कोटी २० लाख झाले.

ओळंबा: बरं, तक्त्याची ढाल करता येते, मान्य. मग मान्यतेच्या प्रस्तावात आकड्याशेजारी वर्ग लिहा, ही मागणी तरी कराल?

वैनगंगाकाठी: लिहितील की! सगळीकडे वर्ग ५. दुप्पट करायचा परवानाच.

भिंगरी: आणि बाल्कनी अर्धी धरायची की पूर्ण, ते कोणी सांगेल का?