मदत हवी आहे: फर्लो (कैद्याला तुरुंगातून मिळणारी ठरावीक दिवसांची रजा) नामंजूर, शिक्षामाफीचं काय?

नमस्कार मंडळी. माझा चुलतभाऊ खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगतोय. येत्या श्रावणात १४ वर्षं भरतील. काकू अंथरुणाला खिळलीय. उशाखाली त्याची पत्रं ठेवते आणि मी गेलो की विचारते, "आला का रे कागद?"

कागद आला, पण फर्लोच्या नकाराचा. पोलीस अहवालात एकच ओळ: गावात शांतता बिघडेल. शेजारीपाजारी लेखी द्यायला तयार आहेत, जामीनदारही आहे, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांचं दुःख मी विसरलेलो नाही, त्यांचंही ऐकायलाच हवं. पण ऐकून घ्या, नुसता शेरा नको.

१४ वर्षं भरली की सुटका हा हक्क नाही, हे वकिलांनी सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ प्रमाणे त्याआधी सोडता येत नाही, एवढंच. पुढे सरकार ठरवतं, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मतही मागवता येतं. राज्यपालांचा संविधानाच्या कलम १६१ चा शिक्षा माफ करण्याचा अधिकार वेगळा.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: शिक्षामाफीचा प्रस्ताव तुरुंगातून आपोआप जातो की आपणच अर्ज द्यायचा? आणि फर्लोच्या नकाराविरुद्ध आधी अपील करावं की थेट उच्च न्यायालयात जावं? काकूकडे फार दिवस नाहीत.