मदत हवी आहे : डिस्नेलँड रेलरोडच्या १९५५ मधल्या लूप लाइनची बाजू

अनाहाइमच्या (कॅलिफोर्निया) डिस्नेलँड रेलरोडचं, म्हणजे पार्काला फेरी मारणाऱ्या छोट्या रेल्वेचं, १७ जुलै १९५५ च्या उद्घाटनावेळचं मॉडेल करतोय. मूळ गेज (दोन रुळांमधलं अंतर) ३ फूट (९१४ मिमी), माझा ट्रॅक ४५ मिमी, म्हणजे स्केल १:२०.३. इंजिनं क्र. १ सी. के. हॉलिडे (डायमंड धुराडं) आणि क्र. २ ई. पी. रिपली (सरळ धुराडं), दोन्ही ४-४-० (पुढे चार छोटी चाकं, मग चार चालक चाकं, मागे एकही नाही). डब्यांचे दोन्ही रेक (जोडलेले संच) तयार आहेत: सहा पिवळे पॅसेंजर डबे, आणि तीन कॅटल कार (गुरांचे डबे), दोन गोंडोला (उघडे मालडबे) व कबूज (शेवटचा गार्डचा डबा) अशी मालगाडी.

अडलंय ते फ्रंटियरलँड स्टेशनावर. सुरुवातीला पॅसेंजर फक्त मेन स्ट्रीट स्टेशनला थांबायची आणि मालगाडी फक्त फ्रंटियरलँडला. थांबलेल्या गाडीला दुसरी लूपवरून (मेन लाइनमधून फुटून पुढे पुन्हा तिलाच मिळणारा बाजूचा रूळ) ओलांडून जायची. या चालीसाठीच मॉडेल करतोय, त्यामुळे लूप वगळून चालणार नाही.

उद्घाटनाचं टीव्ही चित्रण फ्रेम-फ्रेम पाहिलं, पण सांधे (जिथे गाडी रूळ बदलते) गर्दीत झाकले गेलेत. पार्कच्या जुन्या नकाशांत रूळ म्हणजे नुसती एक रेघ. १९६२ नंतरचे फोटो कृपया नकोत. तेव्हा स्टेशनची इमारतच रुळांच्या पलीकडे हलवली, सगळी बाजू उलटते. टुमॉरोलँड स्टेशन, ग्रँड कॅन्यन देखावा वगैरे १९५८ चं, तेही नको. टेबल ६ × २ मीटर, त्यामुळे लूपची लांबी थोडी कापावी लागेलच. बाजू मात्र चुकवायची नाही.

तर १९५५ मध्ये फ्रंटियरलँडची लूप मेन लाइनच्या आत, पार्काकडे होती की बाहेर, पार्काभोवतीच्या मातीच्या बांधाकडे? आणि प्लॅटफॉर्म लूपवर होता की मेन लाइनवर?