आई-बाबांचा न्यूयॉर्क प्रवास: थेट विमान की मध्ये थांबा?

शेवंती_पुणे
आई 71 वर्षांची, बाबा 74. दिवाळीनंतर पहिल्यांदाच भावाकडे न्यू जर्सीला निघालेत. भावाचा हट्ट मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाचा. मला वाटतं, दुबईला थांबून जावं. अंतरं काढून बघितली. सरळ गेलं तर साधारण 12,500 किलोमीटर. दुबईमार्गे 1,900 अधिक 11,000, म्हणजे फक्त 400 जास्त. एवढ्यासाठी बाबांनी दुखऱ्या गुडघ्यांनी सलग 16 तास का बसायचं?

कोकणकडा
दुबईनं काय साधणार? तीन-सव्वातीन तासांत उतरायचं, आणि पुढे पुन्हा 14 तास बसायचंच आहे. गुडघ्यांना विश्रांती मिळाली कुठे?

शेवंती_पुणे
हे मात्र पटलं, मी नुसते किलोमीटर मोजत बसले. मग फ्रँकफर्ट? 6,600 अधिक 6,200, म्हणजे प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन भाग आणि अंतर दुबईपेक्षाही कमी. सपाट नकाशावर ही वाट वर चढलेली दिसते, पण पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो स्कँडिनेव्हियावरून जातो. शिवाय थेट विमानही त्या दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांना वळसा आहेच.

लेक_सासरची
नकाशा राहू दे, माणसांचा विचार कर. माझ्या सासूबाई युरोपात विमान बदलणार होत्या. पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं, पुढचं निघून गेलं. इंग्रजी येत नाही, रक्तदाबाच्या गोळ्या सामानात गेलेल्या. रात्रभर खुर्चीत बसून होत्या. थेट विमानात मुंबईला बसवलं की तिकडे मुलगा दारात उभा. त्या एका रात्रीनंतर मी कुणालाही थांब्याचा सल्ला देत नाही.

कोकणकडा
आणि पाय मोकळे करायला थांबा हवाच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका कमी असतो, हेही खरं. पण थोड्या काळात अनेक विमानप्रवास झाले तरी तो वाढतो, असंही त्यातच आहे. मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या, दर तासाला उठवा, पाणी पाजत राहा. पायांवर दाब देणारे घट्ट पायमोजे लागतील का ते डॉक्टरांना विचारा.

शेवंती_पुणे
बाबा पाणीच पीत नाहीत, सारखं उठावं लागतं म्हणून. कडेच्या जागेचं आधी बघते. पण लेक, गोळ्या हातातल्या पिशवीत, व्हीलचेअर आधीच सांगितलेली आणि मध्ये चार तास मोकळे असले, तर? चार तासांत चुकेल का पुढचं विमान?

लेक_सासरची
चार तास असतील तर बहुतेक नाही चुकणार. तरी मी माझ्या आईला थेटच पाठवीन. आणि बाबांनाही विचारलंस का, त्यांना काय हवंय?