मदत हवी आहे: बाळाचे तळवे पिवळे दिसताहेत, कावीळ असेल का?

मुलगी 14 महिन्यांची. गेल्या आठवड्यापासून तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा पिवळसर दिसतोय. ताप-उलटी नाही, खेळतेय. रोज एक उकडलेलं गाजर, खिचडीत लाल भोपळा, संध्याकाळी पपई. शेजारच्या आजी म्हणतात, कावीळ आहे, उतरवून आणा. आधी काय बघू? (राजारामपुरी, कोल्हापूर)

प्रतिसाद 1
ताई, तिला दिवसा खिडकीपाशी घ्या, दिव्याच्या उजेडात रंग फसवतो. खालची पापणी हळूच ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघा. काविळीत तो पिवळा होतो. तो स्वच्छ असेल आणि पिवळेपणा तळवे-नाकावरच असेल, तर बहुधा गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन (नारिंगी रंगद्रव्य) त्वचेत साठलंय. शिजवून कुस्करलेल्या गाजरातून ते जास्त शोषलं जातं. अपाय काही नाही. पण तिन्ही रोज नकोत. आठवड्यातून दोनदा त्यातलं एखादं, एरवी दुधी, दोडका, केळं. रंग उतरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

प्रतिसाद 2
बरोबर, पण लघवी आणि शी बघितल्याशिवाय निर्धास्त राहू नका. पांढऱ्या सुती लंगोटावर गडद पिवळा डाग पडत असेल किंवा शी पांढुरकी, मातकट होत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रक्तात बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) एकूण आणि डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) असं दोन्ही, शिवाय एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. नुसत्या एकूण आकड्यावरून कारण कळत नाही. डायरेक्ट वाढलं असेल तर यकृत किंवा पित्तनलिका बघावी लागते. इनडायरेक्ट (यकृतात प्रक्रिया न झालेलं) वाढून हिमोग्लोबिन उतरलं असेल तर रक्तपेशी फुटत असतात. जी-सिक्स-पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या मुलांत कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याला पुरतात, त्या आजच काढा.
पाणी उकळूनच द्या. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातूनच. कावीळ असताना मूल सुस्त पडलं, सारखं उलटत असेल किंवा नाकातून रक्त आलं, तर रात्र असली तरी थेट सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) न्या.

प्रतिसाद 3
उतरवायला नेऊ नका. झाडाची साल चोळलेले हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं, निरोगी माणसाचंसुद्धा. नाकात रस घालणं, डाग देणं तर तान्ह्या जिवाला घातकच.

धागाकर्ती
डोळे पांढरे आहेत, लंगोटही स्वच्छ. थायरॉइड तपासू का?

प्रतिसाद 1
थायरॉइड कमी असलं तरी कॅरोटीन साठतं हे खरं. पण वजन-उंची वयाप्रमाणे वाढतेय, बद्धकोष्ठ नाही, अंग गार पडत नाही, तर त्यासाठी आत्ता सुई नको. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना तळवे दाखवा.